माझं पहिलं पान गेलं तेव्हा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मित्रांनो, एका बुधवारी संध्याकाळी मी कोरी आहे असं माझ्या तोंडावर जाहीर करण्यात आलं. कोरी! माझ्या पोटात एका माणसाचा अख्खा आवाज साठवलेला असताना! त्या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. आजही संगणक सुरू झाला की माझी पहिली फिरकी जरा अडखळते. घरातले म्हणतात, म्हातारी झाली. म्हातारी तर झालेच, पण अडखळते ती भीतीनं.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले लोक डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. कुणी नुसतं शिंकलं तरी सगळे वळून बघत, कारण धुळीचा एक कण म्हणजे माझं मरण. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आहेत आणि त्यांच्यावरून एक सुई न टेकता फिरते. इतक्या लाडात जन्मल्यावर मला वाटलं होतं, आपण एखाद्या बँकेत जाणार, नाहीतर मोठ्या इस्पितळात. गेले कुठे, तर लेबनॉनमधल्या त्रिपोली शहराच्या बंदराकडे, अल-मीनात, एका इंटरनेट कॅफेत. तिथं पोरं दिवसभर माझ्यावर बंदुकांचे खेळ खेळत आणि तिळाच्या पावाचा चुरा सांडत. दोन वर्षांत कॅफे बंद पडला. मालकानं मला पुसलं आणि विकलं.

मला विकत घेतलं हिकमतकाकांनी. काका तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत होते. इंजिनखोलीतल्या माणसाला एक खोड असते. जे काही बसवलं, उघडलं, कसलं, ते तारखेसकट वहीत लिहायचं. काकांचं जहाज सुटलं, पण वही सुटली नाही. फ्रिज कधी आला, पाण्याचा पंप कधी रुसला, सगळं वहीत. मला संगणकात बसवणाऱ्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. त्यानं माझे तीन भाग पाडले. काकांनी विचारलं, "कुठून कुठवर? नीट आकडा सांग, शेवटच्या अंकापर्यंत." तो माणूस हसला. "काका, हे काय जहाज आहे का?" काका म्हणाले, "सांग तू. लिहायला माझा हात दुखणार आहे, तुझा नाही."

आता हे भाग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण माझी सगळी कर्मकहाणी त्यातच आहे. माझ्यावर अगदी सुरुवातीला एक छोटंसं पान असतं. कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. जाणकार त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी हे पान वाचतो आणि मगच आत पाऊल टाकतो. पान गेलं की आत कितीही भरलेलं असो, संगणकाच्या लेखी मी रिकामी.

त्या घरात वीज दोन प्रकारची होती. एक सरकारी, ती दिवसातून काही तास. उरलेला वेळ गल्लीच्या तोंडाशी धडधडणाऱ्या मोटरची, म्हणजे जनरेटरची, वर्गणी भरून घेतलेली. सरकारी विजेवर काय वाटेल ते लावा. मोटरवर मात्र पाच अँपिअर. त्यात दिवे, फ्रिज आणि मी एवढंच मावे. त्यावर कुणी इस्त्री लावली की जिन्याखालचा खटका खाड्कन पडे आणि सगळं घर बंद. म्हणून कुठलंही मोठं बटण दाबायच्या आधी नजाहमावशी, म्हणजे काकांची बायको, आतून ओरडून विचारायची, "सरकारवर आहोत की मोटरवर?" सरकारी वीज असली तर काका गप्प बसत. मोटर असली तर बसल्या जागेवरून गरजत, "मोटरवर! हात लावशील तर बघ!" इंजिनच्या धडधडाटात बोलून बोलून घडलेला आवाज तो. वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा आपली इस्त्री काढून ठेवत.

मग एका वर्षी काकांच्या गळ्यात गाठ निघाली. बैरूतला मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा गेला. गळ्याला एक बारीकसं भोक राहिलं आणि त्यावर पांढरा रुमाल आला. काकांनी एक पाटी घेतली आणि तिच्यावर लिहून बोलायला लागले. पण मित्रांनो, नजाहमावशीला वाचता येत नव्हतं. ती अक्कारच्या डोंगरातल्या गावची. तिच्या लहानपणी तिथं मुलींना शेळ्या होत्या, शाळा नव्हती. त्यामुळे काका लिहीत आणि मुलगी लमीस आईला वाचून दाखवी. नवऱ्याचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. मावशी ऐकून घ्यायची आणि मान वळवायची.

यातली खरी मेख तुम्हाला सांगितलीच पाहिजे. लग्नानंतर काका समुद्रावर गेले तेव्हा त्यांनी पहिलं पत्र लिहिलं होतं. ते शेजारणीनं वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. मावशीनं निरोप धाडला, "पत्र नको." तेव्हापासून काका कॅसेट भरून पाठवायला लागले. परतणाऱ्या कुणा खलाशाच्या हाती कॅसेट यायची. मावशी दार लावून घ्यायची आणि एकटी ऐकायची. अशा एकतीस कॅसेटी जमल्या. त्यात जहाजावरच्या स्वयंपाक्याची नक्कल होती, भांडणं होती, लाडीगोडी होती. आणि एक कॅसेट लमीसच्या जन्माची होती. त्या लोकांत मूल जन्मलं की बापानं किंवा आजोबानं त्याच्या उजव्या कानात अजान म्हणायची असते. काका तेव्हा भर समुद्रात. त्यांनी अजान कॅसेटवर म्हणून पाठवली आणि मावशीनं टेपरेकॉर्डर पाळण्याशी नेऊन धरला.

शस्त्रक्रियेनंतर लमीसनं त्या सगळ्या कॅसेटी माझ्यावर उतरवल्या. टेपरेकॉर्डरला वायर लावली आणि महिनाभर रोज दुपारी एकेक कॅसेट लावत राहिली. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा महिना. प्रत्येक कॅसेटीला तिनं बंदराचं नाव दिलं. जेद्दा, मोम्बासा, कॉन्स्टान्झा. त्यानंतर रोज दुपारी मावशी कॉफीचे दोन पेले घेऊन माझ्यासमोर बसे. काका शेजारी बसत. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या चित्रावर बोट ठेवून दाबायचं ते पाठ होतं. मी वाचायला लागे आणि काका बोलायला लागत. मधेच मावशी काकांच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणे, "ऐकलंस का? काय काय बोलायचास तू!" काका खांदे उडवत. अशी तीन वर्षं गेली. मित्रांनो, एवढं प्रेम कुठल्या बँकेत मिळालं असतं मला?

आता त्या बुधवाराकडे येते. सांगतानाही धडकी भरते.

लमीसचं लग्न झालं होतं आणि ती बाळंतपणाला आईकडे आली होती. नववा महिना सरत आला होता. तिचं एकच म्हणणं होतं. माझ्या कानात पडलेली अजान माझ्या बाळाच्याही कानात पडली पाहिजे, आणि ती बाबांच्याच आवाजात. त्यासाठी तिला त्या आवाजाची सीडी करायची होती. सीडी करण्याचा प्रोग्रॅम माझ्या पहिल्या भागात मावेना, कारण तो भाग गच्च भरला होता. तेव्हा तिनं ठरवलं, तिसऱ्या भागातली थोडी जागा पहिल्याला द्यायची. तिसऱ्या भागात कोण होतं? आवाज!

पोर हुशार. तिनं मोटर सुरू व्हायची वाट पाहिली, म्हणजे संध्याकाळपर्यंत वीज बदलायला नको. वीज गेली तर संगणक सांभाळायला पूर्वी एक बॅटरीचा डबा होता, पण त्याची बॅटरी कधीच मेली होती आणि डब्यावर मावशीनं पुदिन्याची कुंडी ठेवली होती. पडद्यावर सूचना आली. आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा. मध्ये वीज जाऊ देऊ नका. लमीसनं वाचलं न वाचल्यासारखं केलं आणि 'ठीक आहे'वर दाबलं. काय ठीक होतं हो त्यात?

"बाबा, मोटरवर आहोत हं. लक्ष ठेवा, मी आलेच," असं म्हणून ती गॅलरीत नवऱ्याशी फोनवर बोलायला गेली. काकांनी मान हलवली.

मावशी त्या वेळी गच्चीवर होती. तिथं उकडलेले गहू वाळत घातले होते, ते ती पसरत होती. वीज सरकारीवरून मोटरवर आली ते तिला कळलं नाही. ती खाली आली, आतल्या खोलीत गेली. काकांचा शर्ट अर्धा इस्त्री करून ठेवला होता. काकांचा आवाज गेल्यापासून ती समोर येऊन विचारायची, पण त्या दिवशी जुन्या सवयीनं तिथूनच ओरडली, "सरकारवर आहोत की मोटरवर?"

काकांनी तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली.

मित्रांनो, जुनी सवय काय असते बघा. उत्तर आलं नाही म्हणजे सरकारी. काका ताडकन उठले, पितळी पेला उचलून टेबलावर आपटायला लागले. मावशीला वाटलं, कॉफी मागताहेत. "थांब जरा, शर्ट होऊ दे!" असं म्हणून तिनं इस्त्रीची पिन खोचली.

खाड्कन खटका पडला.

माझी सुई तेव्हा नेमकी पहिल्या पानावर होती. जुनं पान खोडून नवीन लिहिणं चाललं होतं. अर्धं लिहून झालं आणि माझा श्वासच बंद पडला. तिसऱ्या भागाच्या उंबऱ्यावरही काहीबाही फराटे उमटले होते. तशीच मी त्या काळोखात पडून राहिले.

लमीस धावत आत आली. "आई! काय लावलंस?"

"इस्त्री. का गं? सरकारी आहे ना?"

"मोटर आहे, मोटर!"

खटका वर केला, संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली. चालू करण्यासारखं काही सापडलं नाही. लमीसनं पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी आतून जिवाच्या आकांतानं फिरत होते. अगं, सगळं इथंच आहे! एक शब्दही हललेला नाही! पण माझं ऐकणार कोण? काका समोर उभे होते. त्यांच्या हातात अजून पेला होता, आणि ते दुसऱ्या हातानं आपलंच कपाळ बडवत होते. त्या घरात त्या क्षणी सगळं ठाऊक असूनही सांगता न येणारे आम्ही दोघं होतो.

"असू दे," मावशी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कॅसेटीवरून पुन्हा उतरवू."

"हो की! कुठायत कॅसेटी?" लमीसच्या जिवात जीव आला.

मावशी मटकन खाली बसली आणि तिनं बोटानं वर छताकडे दाखवलं.

लमीस पोट सांभाळत गच्चीवर गेली आणि तशीच परत आली. तिच्या मुठीत काळपट, विटलेल्या फिती होत्या. गव्हावर चिमण्या बसू नयेत म्हणून मावशीनं कॅसेटी फोडून त्यांच्या फिती दोरीला बांधल्या होत्या. उन्हात चमकल्या, वाऱ्यावर फडफडल्या की पाखरं पळतात. दोन उन्हाळे त्या तिथं फडफडत होत्या. बंदराच्या खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्यावर काही ठेवलं नव्हतं.

"तूच म्हणालीस ना, सगळं हिच्या पोटात गेलं," मावशी रडत म्हणाली. "मग मी म्हटलं, रिकामी टरफलं कशाला ठेवायची?"

मी थिजून गेले. मला तोवर ठाऊकच नव्हतं की जगात तो आवाज फक्त माझ्याजवळ आहे. एकटीजवळ! कुणाचा एवढा विश्वास कधी अंगावर घेऊ नये, मित्रांनो. तो न सांगता टाकलेला असतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

संध्याकाळी लमीसचा नवरा सफवान आला. स्वभावानं गोड, पण हात भारी उतावळा. "मावशी, रडताय कशाला? पाच मिनिटांचं काम," म्हणत त्यानं मला संगणकाच्या डब्यातून काढलं आणि आपल्या लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर चौकट आली. ही डिस्क कोरी आहे. वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"बघा, विचारतोय तो. करून टाकू, म्हणजे उघडेल," सफवान म्हणाला आणि त्याचं बोट 'हो'कडे निघालं.

फॉरमॅट म्हणजे उघडणं नव्हे हो, पुसून नव्यानं आखणं! माझी तर बोबडीच वळली. तेवढ्यात काकांचा हात आला. इंजिनाचे पाने फिरवून पोलादासारखा झालेला तो हात सफवानच्या मनगटावर असा काही पडला की बिचारा ओरडला, "काका! मोडाल!"

काकांनी पाटी ओढली. खडू मोडला, तरी उरल्या तुकड्यानं लिहिलं. लमीसनं रडक्या आवाजात वाचलं, "यंत्र बंद पडलंय. का पडलं ते कळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तिला काढा आणि नकूलाकडे न्या."

नकूलाचं दुकान मासळीबाजाराच्या मागे, एका जिन्याखाली. तो पूर्वी जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचा. काका आणि तो जुने दोस्त. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात देवमाणसाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं मला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. तिकडे आईला 'उम्म' आणि बापाला 'अबू' लावून लेकराच्या नावानं हाक मारतात. त्यानं सगळी हकीगत ऐकली आणि मावशीकडे बघून म्हणाला, "उम्म लमीस, शर्टाची घडी तरी नीट बसली का?"

"तो शर्ट मी चुलीत घातला असता," मावशी कडाडली. "तू तुझं काम कर, नाहीतर तुझ्या दुकानालाही इस्त्री करते."

नकूला हसला. मग मला कानाशी धरून त्यानं हलकेच तोललं, वायर लावली आणि डोळे मिटून माझी फिरकी ऐकली. "धडधाकट आहे. खरखर नाही, टकटक नाही. कुणी हिच्यावर नंतर काही लिहिलं?"

"लिहिणार होता," लमीस म्हणाली. सफवान जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागला.

"थोडक्यात वाचलास रे बाबा. अबू लमीस, ऐक. घरातलं सामान जागच्या जागी आहे. खोल्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ते सांगणारा कागद तेवढा फाटलाय. पण मी आधी हिची हुबेहूब नक्कल काढणार आणि जे काय करायचं ते नकलेवर करणार. ही माझ्याकडून बिघडली तर तू मला समुद्रात टाकशील."

काकांनी जोरात मान हलवली. टाकीन.

नक्कल व्हायला दुपार झाली. मग त्यानं तिच्यावर खोल्यांच्या खुणा शोधायला सुरुवात केली आणि पुढचा धक्का बसला. पडद्यावर कॅफेच्या काळातले भाग दिसायला लागले! पुसले होते म्हणे. कसले पुसले, त्यांच्या खुणा माझ्या अंगावर अजून होत्या. नकूला डोकं खाजवायला लागला. "ही कुणाची आखणी? इथं दोन बिऱ्हाडं एकमेकांच्या अंगावर झोपलीत."

मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅफेतल्या बंदुका काकांच्या आवाजाच्या आड येत होत्या. पहिला आणि दुसरा भाग त्यानं तरीही वेगळा काढला. तिसरा सापडेना. त्याच्या उंबऱ्यावरच फराटे होते.

"हरकत नाही," नकूला म्हणाला. "उंबऱ्यावरच्या पानाची एक नक्कल भागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पण शेवट कुठे आहे? बसवणाऱ्यानं मागे थोडी जागा मोकळी सोडलेली दिसते. किती सोडली, देव जाणे. चाचपत बसलो तर आठवडा जाईल. लमीस, तुला आठवतं काही?"

"रंगीत पट्ट्या होत्या तीन," लमीस म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू फुटलं. आठवड्याची खात्री तिच्या पोटातल्या बाळालाही नव्हती.

काका एकदम पुढे झाले. पाटी घरी राहिली होती. त्यांनी हवेत लिहिल्यासारखं केलं, पान उलटल्यासारखं केलं, मग छातीवर हात मारला. सफवान म्हणाला, "पाणी हवंय का?" लमीस म्हणाली, "औषध?" काकांनी दोघांकडेही बघितलं नाही. ते मावशीकडे बघत होते.

"वही," मावशी म्हणाली. "वही म्हणतोय तो."

ती उठली आणि तशीच चालू पडली. घरी एकसारख्या अकरा वह्या होत्या आणि तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. अर्ध्या तासानं ती धापा टाकत परत आली. हातात एकच वही. "ही बघ. फ्रिज आणला त्या सालची. पाठीवर तेलाचा डाग आहे ना? मीच सांडलं होतं. तेव्हा केवढा ओरडला होता माझ्यावर." ओरडला होता म्हणताना तिनं त्या डागावरून बोट फिरवलं.

नकूलानं पानं उलटली. फ्रिज, पाण्याचा पंप, आणि मग मी. तीन भाग, तीन ओळी, प्रत्येकीपुढे शेवटच्या अंकापर्यंत आकडा. नकूला म्हणाला, "अरे, हा माणूस आहे की जहाजाची नोंदवही?" त्यानं आकडे टाकले. लमीसनं सफवानचा हात धरला होता, आणि तो कालच्याच दुखऱ्या मनगटाला धरल्यामुळे सफवान तोंड वाकडं करून उभा होता.

पडद्यावर ओळी उमटल्या. जेद्दा. मोम्बासा. कॉन्स्टान्झा. एकतीसच्या एकतीस.

नकूलानं एक दाबली आणि त्या जिन्याखालच्या दुकानात काकांचा आवाज घुमला. "नजाह, आमचा स्वयंपाकी असा भात करतो की भिंत लिंपायला न्यावा! तुझ्या हातचा..."

मावशी एका खोक्यावर बसून मोठ्यानं रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"हळू, हळू," नकूला डोळे पुसत म्हणाला. "शेजारच्या न्हाव्याला वाटेल, अबू लमीस बरा झाला. उधारी मागायला येईल."

नंतर त्यानं ते पहिलं पान माझ्यावरही नीट लिहून दिलं. मला पुन्हा माझी ओळख मिळाली. आवाजाच्या त्यानं आणखी दोन प्रती काढल्या. एक लमीसच्या सासरी राहते आणि एक नकूलाच्या कपाटात. मित्रांनो, आता जगात तो आवाज एकट्या माझ्याजवळ नाही, आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

उपदेश आत्ताच करून टाकते, कारण शेवटची गोष्ट सांगून झाल्यावर मला बोलवणार नाही. तुमच्या घरात कुणाचा आवाज, कुणाचं लिहिणं एकाच ठिकाणी ठेवलेलं असेल, तर आज त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. जुनं टाकण्याआधी नवं नीट चालतं का ते बघा. यंत्रानं 'करायची का?' असं विचारलं की 'हो' म्हणण्याआधी हात मागे घ्या. आणि समोर कुणी गप्प बसलेलं असेल, यंत्र असो की माणूस, तर आत काही नाहीच असं ठरवून मोकळं होऊ नका. आम्ही दोघं त्या दिवशी बुडता बुडता वाचलो.

बाराव्या दिवशी लमीसला मुलगी झाली. बाळ घरी आलं तेव्हा मोटर होती. काकांनी दोन टाळ्या वाजवल्या. घरात आता तसा नियम आहे, एक टाळी सरकारची, दोन मोटरच्या, आणि टाळी ऐकू आल्याशिवाय कुणी पिन खोचत नाही. तरीही मावशीनं फ्रिज काढला, पंखा काढला, इस्त्री तर शेजारणीकडे नेऊन ठेवली. फक्त मी चालू होते. मशिदीतल्या शेखसाहेबांनी सांगितलं होतं की अजान जिवंत माणसाच्या तोंडची हवी, म्हणून सफवाननं आधी बाळाच्या उजव्या कानात अजान म्हटली. मग बाळ काकांच्या हातात दिलं.

मी वाचायला लागले. इंजिनाची धडधड आली, समुद्राचा वारा आला आणि त्यातून सत्तावीस वर्षांपूर्वीचे काका बोलायला लागले. अजान सुरू झाली. काका बाळाच्या कानाशी वाकले होते. त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते आणि नुसता श्वास बाळाच्या कानावर जात होता. बाळ टक्क डोळे उघडून ऐकत होतं.

अजान संपली. पण कॅसेट संपली नव्हती. पुढे काका घाईघाईनं म्हणत होते, "नजाह, कानाच्या फार जवळ धरू नकोस गं. आणि आवाज कमी कर जरा. दचकेल ती."

मावशीचा हात आपोआप पुढे आला आणि तिनं आवाज कमी केला.